सोसायटीच्या आवारात तुंबणारे पाणी: नियोजनाचा पायरीपायरीने आराखडा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. हे प्रमाण ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावे, अशी शिफारस मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरील १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात आधीच झालेली होती. त्यावरचे काम आणि हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह यांसारखी उदंचन केंद्रे, म्हणजे पाणी उपसून समुद्रात सोडणारी पंपघरे, मात्र बऱ्याच अंशी त्या प्रलयानंतर उभी राहिली. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने पात्र सोडले, तेव्हाही अरुंद झालेल्या वाटेतून काही तासांतच इतके पाणी आले की ओढ्याकाठच्या वस्त्या आणि सोसायट्यांना सावरायला वेळ मिळाला नाही.

वाहिन्या रुंद करणे, ओढे मोकळे करणे ही महापालिकेची कामे आहेत आणि त्यांचा आग्रह नागरिकांनी धरलाच पाहिजे. पण छतावर पडलेला थेंब त्या वाहिनीत पोहोचण्याआधी पन्नास-शंभर मीटरची वाट सोसायटीच्या आवारातूनच काढतो, आणि त्या वाटेवर त्याला किती वेळ थांबवायचे हे ठरवणे सोसायटीच्या हाती असते. वास्तुरचनाकार म्हणून गृहसंकुलांची कामे करताना मला वारंवार जाणवत आले आहे की बहुतेक आवारांची रचना पाणी शक्य तितक्या लवकर फाटकाबाहेर काढण्यासाठी केलेली असते. सगळ्यांनी एकाच वेळी पाणी बाहेर काढले की रस्ता भरतो आणि तेच पाणी फाटकातून परत आत येते. पुढील आराखडा उभ्या असलेल्या, मध्यम आकाराच्या सोसायटीसाठी आहे. नव्या बांधकामातही हीच तत्त्वे लागू पडतात, आणि तेथे खर्च बराच कमी येतो.

पहिली पायरी: पाणी कोणाचे आहे ते ओळखणे

काम सुरू करण्यापूर्वी एक पूर्ण पावसाळा निरीक्षणासाठी द्यावा. ते शक्य नसेल तर निदान चार-पाच मोठ्या सरींची नोंद ठेवावी. आवारात साचणारे पाणी चार ठिकाणांहून येऊ शकते: आपल्याच छतावर आणि अंगणात पडलेले, रस्त्यावरून किंवा वरच्या बाजूच्या भूखंडावरून आत शिरलेले, ओढ्याच्या अथवा नदीच्या फुगवट्याने मागे सरकलेले, आणि सांडपाण्याच्या चेंबरमधून उलटे वर आलेले. या चारही प्रकारांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. फुगवट्याच्या पाण्यावर शोषखड्डा खोदून उपयोग होत नाही आणि आपल्याच छताच्या पाण्यावर फाटकाशी उंच बांध घातला तर नुकसान वाढते.

एका वहीत सर कधी सुरू झाली, कोणत्या कोपऱ्यात पाणी प्रथम साचले, ते कोठून आले, सर्वाधिक उंची किती झाली आणि पाऊस थांबल्यावर किती वेळात उतरले, एवढे लिहावे. भिंतीवर तेलरंगाची खूण करावी. खडूची खूण पुढच्या सरीत धुतली जाते. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात पाणी उतरत असेल तर बहुधा निचऱ्याची वाट लहान आहे. पाऊस थांबूनही ते वाढत राहिले, तर बाहेरून येते आहे असे समजावे. पाण्याला दुर्गंधी असेल किंवा तळमजल्यावरील न्हाणीघराच्या मोरीतून ते वर येत असेल, तर पावसाचे पाइप कोणीतरी ड्रेनेजच्या लाइनला जोडलेले आहेत का, हे सर्वप्रथम तपासावे. जुन्या इमारतींत हा दोष फार आढळतो, आणि तो दूर केल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

दुसरी पायरी: उंचसखलपणाचा नकाशा

यासाठी महागडे सर्वेक्षण लागतेच असे नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घेऊन दोन माणसे एका दिवसात संपूर्ण आवाराच्या पातळ्या घेऊ शकतात. इमारतीचे जोते हा स्थिर बिंदू मानून फाटक, रस्त्याची कड, प्रत्येक चेंबरचे झाकण, तळघराच्या उताराचे तोंड, मीटरची खोली आणि बागेचा तळ यांची उंची त्याच्याशी ताडून लिहावी. रस्त्याची पातळी जरूर मोजावी. डांबराच्या थरावर थर चढत गेल्याने, बांधले तेव्हा रस्त्यापेक्षा उंच असलेले फाटक आज खाली गेलेले असणे ही आपल्या शहरांतली नेहमीची गोष्ट आहे.

याच टप्प्यावर भूखंडाचा जुना स्वभावही जाणून घ्यावा. विकास आराखड्यावर नदीच्या पूररेषा दाखवलेल्या असतात. महाराष्ट्रात निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी सांगते. जुन्या नकाशावर जेथे ओहोळ दाखवला आहे आणि आज जेथे पार्किंग आहे, तेथे मोठ्या पावसात पाणी आपली वाट पुन्हा शोधणारच, हे गृहीत धरून चालावे.

तिसरी पायरी: हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एवढे लक्षात ठेवले तर पुढचा सारा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे.

उदाहरणादाखल २,००० चौरस मीटरचा भूखंड घेऊ. त्यात ८०० चौरस मीटर छत, ९०० चौरस मीटर काँक्रीट व पेव्हर ब्लॉक आणि ३०० चौरस मीटर बाग आहे. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला असे धरू. छतावरील पाण्यापैकी साधारण ९० टक्के, फरसबंदीवरील ८५ टक्के आणि बागेतील ३० टक्के वाहून जाते असे मानले, तर छतावरून ३६,०००, फरसबंदीवरून ३८,२५० आणि बागेतून ४,५०० लिटर, म्हणजे एकूण ७८,७५० लिटर पाणी फाटकाकडे धावते. हाच भूखंड माती-गवताचा होता तेव्हा त्याच पावसात ३० टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ३०,००० लिटर वाहत असे. दोहोंमधला फरक ४८,७५० लिटर, म्हणजे जवळपास ४९ घनमीटर आहे. एवढे पाणी तासभर आवारात धरून ठेवले आणि बाकीचे संथपणे सोडले, तर आपल्या इमारतीमुळे शहराच्या वाहिनीवर पडलेला जादा भार आपण उचलला असे म्हणता येईल. तीस हजार लिटर तासाभरात सोडायचे म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ लिटर; बाहेर सोडण्याची कमाल गती म्हणून हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

हा हिशेब ढोबळ आहे. ऑगस्टमध्ये काळी माती तृप्त झाली की बागेतूनही निम्म्याहून अधिक पाणी वाहू लागते, आणि तासाभराची सर वीस मिनिटांत कोसळली तर क्षणिक प्रवाह बराच मोठा होतो. प्रत्यक्ष बांधकामापूर्वी अभियंत्याकडून तपशीलवार गणित करून घ्यावे. पण समितीच्या सभेत निर्णय घेण्यासाठी एवढा अंदाज पुरेसा आहे.

येथे एका गैरसमजाविषयी स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे, त्यामुळे ‘आमच्याकडे टाकी आहेच’ हे उत्तर अनेक ठिकाणी मिळते. संकलनाची टाकी भरलेली असावी अशी आपली इच्छा असते, आणि पूर रोखणारी टाकी सर सुरू होताना रिकामी असावी लागते. जूनमध्ये काठोकाठ भरलेली टाकी जुलैच्या ढगफुटीत एक थेंबही अडवत नाही. दोन्ही उद्देश एकाच टाकीत साधता येतात. ते कसे, हे सहाव्या पायरीत पाहू.

चौथी पायरी: गच्ची

पाणी पडते तेथेच त्याला प्रथम अडवणे सर्वांत स्वस्त असते, तरी गच्चीवर पाणी मुद्दाम साठवण्याचा सल्ला मी जुन्या इमारतींना देत नाही. गणित सोपे आहे: ८०० चौरस मीटर गच्चीवर २५ मिलिमीटर पाणी थांबवले तर वीस टन वजन वाढते, म्हणजे चौरस मीटरला २५ किलो. वापरातील सपाट गच्चीसाठी भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण १५० किलो चल भार (माणसे, सामान यांचे बदलते वजन) धरलेला असतो, त्यामुळे चांगल्या स्थितीतील स्लॅबला हे झेपू शकते. पण तीस वर्षांच्या इमारतीवर विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचे एकावर एक थर चढलेले असतात, वर टाक्या आणि सौर पॅनेल असतात आणि कोठेतरी गळतीही असते. संरचना अभियंत्याच्या लेखी मताशिवाय तो विचार करू नये.

त्याऐवजी गच्चीचा ढाळ, जाळ्या आणि पाइपांची तोंडे ठीक करावीत, आणि कठड्यात स्लॅबपासून थोड्या उंचीवर सांडव्याची छिद्रे ठेवावीत, म्हणजे पाइप तुंबला तरी पाणी जिन्यात उतरणार नाही. खाली उतरणारे पाइप थेट फाटकाजवळच्या चेंबरला जोडलेले असतील तर ते तोडून बागेकडे किंवा टाकीकडे वळवावेत. छताच्या पाण्यापासून मिळणारा खरा लाभ या जोडणीत आहे.

पाचवी पायरी: जमीन आणि बाग

पेव्हर ब्लॉक बसवले म्हणजे पाणी मुरते असा समज सर्वत्र आहे आणि तो बहुतांश ठिकाणी चुकीचा आहे. ब्लॉकखाली काँक्रीटचा थर किंवा बारीक कच घट्ट दाबून बसवलेली असते आणि सांधे मातीने बुजलेले असतात; त्यावरून पाणी काँक्रीटसारखेच धावते. खरी पाझरणारी फरसबंदी करायची तर ब्लॉकखाली बारीक खडीचा पातळ थर, त्याखाली २० आणि ४० मिलिमीटरच्या धुतलेल्या खडीचे जाड थर आणि सर्वांत खाली माती वर येऊ न देणारे जिओटेक्स्टाइल कापड असावे लागते. खडीत कच मिसळलेली नको, कारण दोन खड्यांमधली पोकळी हीच आपली साठवण आहे. ही पोकळी साधारण ३५ टक्के धरली, तर २०० चौरस मीटर पार्किंगखालच्या ३०० मिलिमीटर जाड थरात २१ घनमीटर पाणी मावते. अग्निशमन दलाच्या गाडीचा मार्ग मात्र यातून वगळावा आणि कठीणच ठेवावा.

हे पाणी जमिनीत किती मुरेल ते खालच्या थरावर अवलंबून आहे. साधारण हातभर खोल खड्डा खणून तो एकदा पाण्याने भरून मुरू द्यावा, पुन्हा भरावा आणि दर पंधरा मिनिटांनी पातळी मोजावी. तासाला बारा-पंधरा मिलिमीटरपेक्षाही कमी मुरत असेल तर खडीच्या थराच्या तळाशी छिद्रांचा पाइप घालून पाणी टाकीकडे न्यावे. पुण्यासारख्या ठिकाणी मुरमाचा थर असेल तर पाणी बरे मुरते, पण अखंड काळा पाषाण लागला की ते थांबते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्यात ते भरभर जाते. मुंबईच्या भराव घातलेल्या भागांत पावसाळ्यात भूजल इतके वर असते की मुरवायला खाली जागाच उरत नाही, त्यामुळे तेथे साठवण जमिनीच्या वर किंवा टाकीतच करावी लागते. काळी माती ओली झाली की फुगते, म्हणून कोणतीही मुरवण पायापासून निदान तीन मीटर दूर असावी.

बागेबद्दल मला विशेष आस्था आहे, कारण येथे सर्वांत कमी पैशांत सर्वांत मोठा फरक पडतो. आपल्याकडे बाग विटांचा कठडा बांधून, त्यात मातीची भरणी करून वाटेपेक्षा उंच केली जाते. पाऊस आला की माती वाटेवर वाहते आणि तीच माती जाळ्या बुजवते. मी पाहिलेल्या एका सोसायटीत दर पावसाळ्यात गाळ काढायला मजूर लावावे लागत, आणि तो सारा गाळ त्यांच्याच बागेचा होता. हे उलटे करावे. बाग वाटेपेक्षा १५० ते २०० मिलिमीटर खाली घ्यावी, कठड्यात जागोजागी खाचा ठेवाव्यात, पाणी आत शिरते तेथे दगड पसरावेत आणि जादा पाण्यासाठी एक उंच तोंडाचे चेंबर बसवावे. आपल्या उदाहरणातील बागेपैकी १५० चौरस मीटर अशी खोलगट केली, तर कडांचा उतार वजा जाता सुमारे १८ घनमीटर पाणी तेथे तासभर थांबू शकते. वाळा, कर्दळ, लव्हाळा, अळू ही पाण्यात पाय ठेवून उभी राहणारी झाडे तळाशी लावावीत; जांभूळ, करंज कडेला शोभतात. उंबर कितीही आवडत असला तरी पाइप आणि भिंतींपासून दूरच ठेवावा. साचलेले पाणी दोन दिवसांच्या आत उतरलेच पाहिजे. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एवढ्या मुदतीत डासांचा प्रश्न उद्भवत नाही.

खेळाचे मैदानही याच रीतीने वापरता येते. रॉटरडॅममधील बेन्थेमप्लेन या चौकात २०१३ मध्ये चेंडू खेळण्याची जागा जमिनीखाली उतरवून बांधली गेली. कोरड्या दिवसांत मुले तेथे खेळतात आणि मोठ्या पावसात तेथे पाणी साठते. आपल्या आवारातील बॅडमिंटनचे मैदान भोवतालापेक्षा फूटभर खाली असायला कोणतीच अडचण नाही, फक्त उतरायला पायऱ्यांबरोबर उतारही हवा आणि पाणी भरल्यावर मुलांना तेथे जाऊ न देण्याची व्यवस्था हवी.

सहावी पायरी: दुमजली विचाराची टाकी

पार्किंग आणि बाग मिळून ३९ घनमीटर झाले. उरलेले दहा टाकीसाठी ठेवू. टाकीचा खालचा भाग झाडांना आणि गाड्या धुण्यासाठी भरलेला राहतो. त्यावरच्या दहा घनमीटर भागाच्या तळाशी एक लहान छिद्र असते, ज्यातून पाणी आपोआप हळूहळू बाहेरच्या वाहिनीत जाते, आणि त्यामुळे पुढच्या सरीसाठी वरचा भाग नेहमी रिकामा होतो. त्याहून वर सांडव्याचा मोठा पाइप असतो. या छिद्राला झडप लावू नये, कारण झडप उघडायला कोणीतरी माणूस आठवणीने यावा लागतो.

छिद्र किती मोठे असावे? ६० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रावर एक मीटर पाणी उभे असेल तर त्यातून सेकंदाला सुमारे ७.५ लिटर पाणी जाते, म्हणजे आपल्या ८.३ लिटरच्या मर्यादेत बसते. बागेचे आणि खडीचे जादा पाणीही याच छिद्रातून सोडले, तर सगळी ४९ घनमीटर जागा पाऊस थांबल्यावर साधारण साडेतीन-चार तासांत रिकामी होते. छिद्र लहान असल्याने पाने अडकतात, म्हणून त्याच्यापुढे छिद्राच्या अनेक पट मोठ्या क्षेत्राची, बाहेर काढून साफ करता येईल अशी जाळी असावी.

भूमिगत टाकीच्या बाबतीत एक धोका कंत्राटदार सहसा सांगत नाहीत. भोवतालची जमीन पाण्याने तृप्त असताना रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. दहा घनमीटर पोकळीवर दहा टनांचा वर ढकलणारा जोर येतो. सखल आणि भरावाच्या जमिनीत टाकीचे स्वतःचे वजन आणि तळाचा बाहेर काढलेला काँक्रीटचा पट्टा यांचा हिशेब केल्याशिवाय तयार प्लास्टिकची टाकी पुरू नये.

सातवी पायरी: तळघर, वीज आणि उलटे येणारे पाणी

येथे प्रश्न मालमत्तेपुरता राहत नाही, जिवाचा असतो. तळघराकडे जाणारा उतार थेट रस्त्यापासून सुरू होऊ नये. गाडी आधी रस्त्याच्या पातळीच्या वर ३०० मिलिमीटर चढावी आणि मग खाली उतरावी. उभ्या इमारतीत असा उंबरठा नंतरही घालता येतो, फक्त गाडीचा तळ घासणार नाही इतका तो लांब पसरावा. उताराच्या दोन्ही भिंतींत खाचा करून त्यांत बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या फळ्या रखवालदाराच्या खोलीशेजारी ठेवाव्यात आणि त्या बसवण्याचा सराव मे महिन्यात करावा. मीटरची खोली, जनरेटर आणि पंपांची वीजपेटी तळघरात असेल तर ती वर हलवणे हा या आराखड्यातील सर्वांत महाग, पण सर्वांत आधी करायचा खर्च आहे. पाणी शिरलेल्या तळघरात वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही उतरू नये, गाडी काढायलाही नाही.

बाहेरच्या वाहिनीतून पाणी उलटे येत असेल तर शेवटच्या चेंबरला एकदिशा झडप, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप, लावावी. ती बंद झाली की बाहेरचे पाणी थांबते, पण आपलेही बाहेर जात नाही. मुंबईत मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राकडील पातमुखांवर, म्हणजे वाहिन्या समुद्राला मिळतात त्या तोंडांवर, हेच घडते आणि म्हणून उदंचन केंद्रे लागतात. त्या बंद अवस्थेतील पाणी काही काळ आपण केलेली ४९ घनमीटरची सोयच सांभाळते. साठवण नसताना केवळ झडप बसवणाऱ्या सोसायट्यांना आपल्याच पाण्यात उभे राहावे लागते.

तुंबलेल्या रस्त्यावर मॅनहोलचे झाकण उघडून पाणी सोडण्याचा मोह टाळावा. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला होता.

आठवी पायरी: सगळे भरल्यावरची वाट

ताशी ५० मिलिमीटरचा हिशेब केला तरी कधीतरी शंभरचा पाऊस येणारच. त्या वेळी पाणी कोठून जाईल हे आधीच ठरवून ठेवावे. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी दोनेक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर शहराने जो आराखडा केला, त्यात काही रस्त्यांचा मध्यभाग खोल ठेवून ते ढगफुटीच्या काळात पाणी वाहून नेतील अशी रचना सुचवली, आणि एंगहावेपार्केन हे उद्यान २२ हजार घनमीटरहून अधिक पाणी धरू शकेल असे बदलले. आपल्या आवारात याचा लहान अवतार म्हणजे जोत्यापासून दूर, वाटेच्या मध्ये काढलेला उथळ पन्हळ आणि कुंपणाच्या भिंतीत सर्वांत सखल जागी ठेवलेली जाळीची खिडकी. ही वाट नैसर्गिक उताराकडे, ओढ्याकडे किंवा रस्त्याकडे जावी. शेजाऱ्याच्या आवारात सोडणे कायद्यानेही अडचणीचे आहे आणि शेजारधर्मालाही सोडून आहे.

उतारावरच्या सोसायट्यांनी कुंपणाची भिंत वेगळी तपासून घ्यावी. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यातील कोंढव्यात पावसात एका गृहसंकुलाची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. मातीचा भार पेलणाऱ्या भिंतीला मागे खडीचा थर आणि दर दीड-दोन मीटरवर पाझर छिद्रे असावीच लागतात. ती छिद्रे सिमेंटने बुजवलेली दिसली, भिंत बाहेर झुकलेली किंवा फुगलेली दिसली, तर खालच्या बाजूला राहणाऱ्यांना त्याच दिवशी सांगावे आणि अभियंत्याला बोलवावे. खोलगट बाग किंवा शोषखड्डा अशा भिंतीच्या माथ्याजवळ कधीही करू नये.

नववी पायरी: ठराव आणि देखभाल

सर्वसाधारण सभेत ठराव मांडताना आधी वीजपेटी आणि ड्रेनेजमधील चुकीच्या जोडण्या, नंतर पाइपांची वळणे आणि बाग, मग टाकी आणि शेवटी फरसबंदी असा क्रम ठेवावा. फरसबंदी एरवीही दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते, तेव्हाच तिचा पाया बदलणे परवडते. बाहेरच्या वाहिनीला नवी जोडणी करायची असेल किंवा भिंतीत खिडकी पाडायची असेल तर महापालिकेची परवानगी घ्यावी.

अक्षय्य तृतीयेनंतर गच्चीच्या जाळ्या, चेंबर आणि टाकीतील गाळ काढावा. मृगाच्या आधी पंप चालवून पाहावा, एकदिशा झडप हाताने हलवून पाहावी आणि छिद्रापुढची जाळी धुवावी. पहिल्या मोठ्या सरीनंतर पुन्हा एकदा सगळीकडे फिरावे, कारण वर्षभराचा पालापाचोळा तीच सर खाली आणते. पाझरणाऱ्या फरसबंदीचे सांधे वर्षातून एकदा दाबाच्या पाण्याने मोकळे करावेत. या सर्व कामांसाठी समितीतील एका सदस्याचे नाव लिहून ठेवावे, आणि निरीक्षणाची वही त्याच्याकडून पुढच्या समितीकडे सोपवली जावी. पुढच्या मोठ्या सरीत टाकीत पाणी किती चढले आणि किती वेळात उतरले, ही नोंद त्याच वहीत जाते.